उथळ गादीवाफा असेल तर तळाची खडी आधी काढा

तुम्ही लिहिलंय की १५ सेंमी उंचीच्या गादीवाफ्यात टोमॅटोची खालची पानं पिवळी पडतायत, दुपारी झाड मान टाकतं, पाणी घातलं तरी सावरत नाही आणि बोट खुपसलं तर खाली चिखल लागतो. निचऱ्यासाठी तळाला ५ सेंमी खडी घातली आहे, हेही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. याच खडीपायी माझा एक अख्खा हंगाम गेला.

ऊन, बियाणं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते.

बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही. मातीचा तळचा भाग तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. हा चिंब थर किती जाड असेल ते मातीच्या पोतावर ठरतं, वाफ्याच्या उंचीवर नाही. म्हणून खोल वाफ्यात हे खपून जातं आणि उथळ वाफ्यात झाड मरतं. समजा चिंब थर ५ सेंमीचा आहे. ५ सेंमी खडीत गेले, ५ चिखलात. मुळांना श्वास घेता येईल अशी माती उरली ५ सेंमी, आणि तीही उन्हाने तापून सुकणारी. पटत नसेल तर भिजलेला स्पंज आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उंची कमी तितकं पाणी जास्त धरून ठेवलं जातं.

मला खडी घालायला सांगितली ती एका सल्ला केंद्राने. पानं पिवळी पडल्यावर पुन्हा गेले, तर वाफा न बघताच ‘नत्र कमी पडतंय, खत वाढवा’ म्हणाले. गुदमरलेल्या मुळांना खत उचलता येत नाही. मातीत क्षार तेवढे वाढले. तिसऱ्यांदा गेल्यावर बुरशीनाशक हातात ठेवलं. मुळं उपटून बघा, असं एकानेही म्हटलं नाही. शिकलेल्या माणसांनी एवढं तरी करायला हवं होतं, याचा राग अजून येतो.

आता काय करायचं. वाफा जमिनीवर असेल तर खडी आणि खालचं प्लास्टिक, दोन्ही काढा. खालची जमीन काटेरी फावड्याने वीसेक सेंमी सैल करा आणि माती थेट तिच्यावर येऊ द्या. मुळं खाली उतरली की १५ सेंमीचा वाफा उथळ राहतच नाही. गवत असेल तर पुठ्ठा अंथरा, तो कुजून जातो. वाफा स्लॅबवर असेल तर कडांना अगदी तळाशी भोकं ठेवा आणि भरड मिश्रण तळापासून वरपर्यंत एकसारखं भरा. थर लावू नका. स्लॅबच्या भाराबद्दल मी बोलणार नाही, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. पण १५ सेंमी भिजलेली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते, हे त्यांना विचारताना लक्षात असू द्या.

स्लॅबवर १५ सेंमीत टोमॅटो लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. होतो म्हणणारे भेटतील, त्यांची माती आणि हवा वेगळी असेल. टोमॅटो-वांग्याला निदान ३० सेंमी द्या. पालक, मेथी, कोथिंबीर, कांदापात, आखूड जातीचा मुळा १५ सेंमीत उत्तम येतात. वर ३-४ सेंमी वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला, त्याने पाणी बरंच वाचतं. कंपोस्ट कुजून माती खाली बसते, म्हणून दर हंगामाला २-३ सेंमी भर द्यावी लागते.

खत तूर्तास पूर्ण बंद. आधी एक रोप उपटून मुळं बघा. पांढरी, टणक असतील तर खडी काढल्यावर बाकीची रोपं सावरतील. तपकिरी होऊन साल हातात सुटून येत असेल तर ती रोपं काढून टाका आणि त्या वाफ्यात सध्या पालक लावा.