पायाचा अंगठा

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मेसेज न करता चार पानं हाताने लिहिलीस, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे पाकीट हातात घेतानाच कळलं. अक्षर मात्र रेसिडेन्सीच्या पहिल्याच वर्षात पुरतं डॉक्टरी झालंय. तिसरं पान मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावं की काय, असं वाटलं.

तुझं म्हणणं असं : रोज सकाळी तू एका माणसाशी बोलतेस, गाव कोणतं, मुलं किती विचारतेस, मग दुधासारखं पांढरं भुलीचं औषध, प्रोपोफॉल, शिरेत सोडतेस आणि मिनिटाच्या आत तो माणूस नाहीसा होतो. 'मी, मी' म्हणून ज्याचा एवढा गवगवा, तो दहा-पंधरा मिलीने विझतो. मग निवड कसली आणि स्वातंत्र्य कसलं, सगळा रसायनांचा कारभार. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात : परवा रात्री ऑपरेशन थिएटरमधल्या मावशींवर तू सगळ्यांसमोर ओरडलीस, त्या रडल्या, आणि नंतर तू मैत्रिणीला म्हणालीस, "माझ्या हातात थोडंच होतं."

मला वाटतं, पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलंस. बाकीची साडेतीन पानं ही तू स्वतःला दिलेली भूल आहे.

आधी विझण्याचं बघू. विझतं ते नेमकं काय, हे सांगायला पस्तीस वर्षं भूल देऊनही मी धजत नाही. 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने भुलीसाठी ईथर दिलं, तेव्हापासून आपली जमात माणसांना तिकडे पोचवून परत आणते आहे, पण 'तिकडे' म्हणजे कुठे, यावर अजून एकमत नाही. एवढं नक्की की हे एका बटणाचं काम नव्हे. हाक मारल्यावर ओ देणं वेगळं, आत जाग असणं वेगळं आणि नंतर आठवणं वेगळं. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी हर्नियासाठी आले होते. कमरेत इंजेक्शन दिलं, वर गुंगीचं थोडं मिडॅझोलम. त्यांनी टेबलावर मला पाऊणकीचा पाढा म्हणून दाखवला, मी अडखळलो तिथे दटावलंही. संध्याकाळी वॉर्डात विचारतात, "ऑपरेशन कधी करणार?"

टनस्टॉल या भूलतज्ज्ञाची युक्ती तुला परीक्षेला येईल, म्हणून नीट वाच. 1977 मध्ये सिझेरियनच्या बायकांवर त्याने ती वापरली. स्नायू लुळे करणारं औषध देण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा बांधून फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. सगळा देह लुळा, एक पंजा मोकळा. मग कानाशी सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या देशांतल्या 260 रुग्णांवर हेच करून पाहिलं, तर श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर साधारण वीसात एकाने हात दाबला. नंतर विचारलं तेव्हा हात दाबणाऱ्यांपैकी कोणालाच काही आठवत नव्हतं. तुझ्या हिशेबाने ती माणसं विझलेली होती. मग हात कोणी दाबला?

माझ्यापुरतं याचं उत्तर मला फार आधी मिळालं होतं, आणि त्यात मीच आरोपी होतो.

नव्वद सालाच्या आधीची गोष्ट. तालुक्याचं गाव, मध्यरात्र, घाईचं सिझेरियन. झोपवायला पेन्टोथाल, स्नायू लुळे करायला स्कोलिन, मग नळी, आणि नायट्रस वायू. औषध बाळापर्यंत जाऊ नये म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत भूल हलकी ठेवायची, असा तेव्हाचा रिवाज होता. मॉनिटर म्हणजे तिच्या नाडीवरचं माझं बोट आणि बीपीचं यंत्र. सगळं सुरळीत झालं, मुलगी झाली.

दुसऱ्या संध्याकाळी राउंडला गेलो तर बाई म्हणाली, "डॉक्टर, मी जागीच हुते."

मी हसलो.

"सिस्टरच्या बांगड्या वाजत हुत्या. तुम्ही सांगत हुता, एसटी चुकली म्हणून जीपनं आलो."

आलो होतो जीपने, आणि बोललोही होतो. कापल्याचं कळलं नाही म्हणाली, पण ओढाताण कळत होती. ओरडावं तर तोंड आपलं नाही. "मग सगळा जीव पायाच्या अंगठ्यात आणला. म्हटलं त्यो हलला तर ह्यांना कळंल. अंगठा काय हलंना."

"मग?"

"मग दिलं सोडून. म्हटलं, आता बाळ कवा रडतंय तेवढंच ऐकायचं. दुसरं काय बी ऐकायचं नाही."

बेटा, माझं जे काय तत्त्वज्ञान आहे ते या वाक्यावर उभं आहे. रसायनांचं इतकं निरंकुश राज्य दुसरं कुठलं असणार? देह मी बांधून टाकलेला, पापणीसुद्धा तिची नाही. तरी कान कशाला द्यायचा हे तिने ठरवलं. तू म्हणशील, ते ठरवणंही मेंदूतच घडलं. घडलं असेल. मडकं मातीचं आहे म्हणून आतलं पाणी खोटं होत नाही.

माझी बाजू कमी शोभेची आहे. तिचं ऐकून मी म्हणालो, "बाई, स्वप्न पडलं असेल. भुलीत पडतात." हे वाक्य जिभेवर येताना मला दिसलं होतं. खोटं आहे हेही दिसलं होतं. मध्ये अगदी बारीक फट होती, आणि मी ती ओलांडून खुशाल पलीकडे गेलो.

त्या फटीच्या मोजमापाबद्दल पुढे वाचनात आलं. लिबेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1983 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्याला तारा लावून माणसांना बसवलं, मनात येईल तेव्हा हात हलवा म्हणाला, आणि इच्छा नेमकी कधी झाली ते घड्याळासारख्या तबकडीवर बघून सांगा म्हणाला. मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी सुरू झालेली, आणि 'आता हलवू' हे माणसाला कळतं जेमतेम 200 मिलिसेकंद आधी. तुझ्यासारखी मंडळी हा प्रयोग झेंड्यासारखा मिरवतात : बघा, ठरवणारे आम्ही नव्हेच! पण खुद्द लिबेटने तसं म्हटलं नाही. कळल्यानंतरही दीडशेएक मिलिसेकंद उरतात, त्यात नाही म्हणता येतं, असं त्याचं मत होतं. शिवाय 2012 मध्ये शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती 'तयारी' म्हणजे मेंदूत आपोआप होणारी चढउतारही असू शकते, निर्णय नव्हेच. वाद चालू आहे. मला विचारशील तर, उगाच मनगट हलवण्यावरून माणसाच्या स्वातंत्र्याचा निवाडा करणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, सबंध शेताची परीक्षा झाली. पण जिभेवर आलेला शब्द आणि ओठ यांच्यात फट असते, ही गोष्ट मी त्या वॉर्डात स्वतः अनुभवली आहे. त्यासाठी मला तारा लावाव्या लागल्या नाहीत.

राग येणं तुझ्या हातात नव्हतं, हे मी एका दमात मान्य करतो. तो कुठून येतो, मलाही माहीत नाही. पण तोंडातून बाहेर पडण्याआधी तो तुला दिसला होता का? मैत्रिणीला जे सांगितलंस, ते तुझं 'स्वप्न पडलं असेल' आहे.

आणि त्या रात्री तुझी फट किती रुंद होती तेही बघ. छत्तीस तासांची ड्युटी, पोटात दोन चहा आणि पार्ले-जी. अशा वेळी ती केसाएवढी होते. स्वातंत्र्याला झोप लागते, जेवण लागतं, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा आईला जास्त कळतं. तेव्हा या विषयावर आणखी चार पानं लिहिण्याआधी डबा खात जा. दुपारी मिळाली तर वीस मिनिटं पडत जा. हा सल्ला फार किरकोळ वाटेल, पण माझ्याकडे याहून खोल असं काही नाही.

टाके काढायच्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी गेलो. आठ दिवस लागले मला. म्हणालो, "बाई, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. मी जीपनेच आलो होतो."

मुलीला पाजत होती. वर न बघता म्हणाली, "खरं हाय ते मला म्हाईतच हुतं. तुम्ही कवा सांगताय ते बघत हुते."

त्यानंतर भूल दिलेल्या माणसाच्या कानाशी मी शेवटपर्यंत बोलत राहिलो. आता नळी घातली, आता बाळ येईल, झालं, टाके घालतायत. सर्जन हसायचे. तूही बोलत जा, लोक हसले तरी.

दिवाळीत येशील तेव्हा बाकीचं बोलू. काकू चकल्या करणार आहे.

तुझे,
सर

ता. क. : चार पानांत मावशींचं नाव कुठेच लिहिलेलं नाहीस. माहीत आहे ना?