डिस्क बदलण्यापूर्वी आयएसओ फाइलचा चेकसम जुळवून पाहा

आपण कऱ्हाडहून लिहिले आहे की लिनक्स मिंट ही संगणक प्रणाली टाकताना प्रत्येक वेळी जवळपास त्याच टप्प्यावर काम थांबते, हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी खराब असावी असा संदेश येतो आणि दुकानदार नवी डिस्क घ्यायला सांगतो. हा संदेश माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. तो संगणक थंड जागी हलवण्याचाही सल्ला देतो. डाउनलोड केलेली आयएसओ, म्हणजे स्थापनेची पूर्ण डिस्क जिच्यात साठवलेली असते ती फाइलच, बिघडलेली असू शकते, हे मात्र सांगत नाही.

सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर आमच्या एका संगणकावर उबंटू ही तशीच दुसरी प्रणाली टाकताना हेच घडले. ज्या दुकानात तो नेला, त्याचे नाव घेत नाही. पुराची ओल डिस्कला लागली, असे निदान त्यांनी संगणक न उघडताच केले. संगणक दुसऱ्या मजल्यावर होता आणि पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीशीही आले नव्हते, हे सांगूनही उपयोग झाला नाही. नवी डिस्क बसवली, पैसे घेतले आणि स्थापना पुन्हा तिथेच अडली, तेव्हा ‘पेनड्राइव्ह तुमचा, त्यात काय आहे ते आम्ही पाहत नाही’ असे उत्तर मिळाले. चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आणि मजकूर बिघडला की बदलणारा आकडा, काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती कोणी दिली असती, तर डिस्कचा खर्च वाचला असता. फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम निर्मात्यांनी दिलेल्या अधिकृत आकड्याशी जुळतच नव्हता.

चेकसम काढण्याची आज्ञा कशी द्यायची ते आपणास ठाऊक असेलच. विंडोजवर त्यासाठीचे सर्टयुटिल हे साधन आधीपासून असते, वेगळे काही उतरवावे लागत नाही. चेकसमची चौसष्ट अक्षरे डोळ्यांनी जुळवत बसू नका, संगणकालाच तुलना करू द्या. फाइलचा आकार ‘बरोबर दिसतो’ यावर विसंबू नये, कारण जीबीमधला आकार पूर्णांकित करून दाखवलेला असतो. त्याच फाइलचा चेकसम दोनदा काढून दोन वेगळी उत्तरे आली, तर मात्र संशय रॅमवर किंवा डिस्कवर घ्यावा. त्या वेळी दुकानदाराचे म्हणणे खरेही असू शकेल. मी हार्डवेअरचा जाणकार नाही, त्यामुळे चेकसम जुळूनही अडचण राहिली तर पेनड्राइव्ह बदलून पाहा, एवढेच सुचवीन.

माझे एक ठाम मत आहे, ते काहींना अतिरेकी वाटेल. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरचा चेकसम जुळला, तर डाउनलोड नीट झाले एवढेच कळते. फाइल मूळ निर्मात्यांचीच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा संगणकात गुपचूप शिरण्यासाठी छुपे दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवला होता. पान ज्याच्या ताब्यात, त्याला त्यावरचा आकडाही बदलता येतो. म्हणून चेकसमच्या यादीवरची जीपीजी स्वाक्षरी, म्हणजे निर्मात्यांनी आपल्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही, हीही तपासावी, आणि नुसता एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीचा चेकसम दिला असेल तर त्यावर थांबू नये.

आपली इंटरनेटची लाइन वारंवार तुटत असेल, तर पूर्ण फाइल पुन्हा उतरवू नका. फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवणारे अधिकृत टॉरेंट त्याच्या प्रोग्राममध्ये उघडा, बिघडलेली आयएसओ त्याच नावाने टॉरेंटच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोग्रामला फेरतपासणी करायला सांगा. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे चेकसमच, वेगळा तपासला जातो आणि जे तुकडे चुकीचे आहेत, तेवढेच पुन्हा येतात. त्यानंतर एसएचए-२५६ काढून पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा, आणि तोवर दुकानदाराला डिस्कची ऑर्डर देऊ नये.