विचारा तर खरं : कमांडो, कादंबरी आणि काळ्या पट्ट्या

गेल्या महिन्यात या सदरात अँडी मॅकनॅबचा ओझरता उल्लेख केला होता. ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलातला माजी सार्जंट, आता थ्रिलर लिहितो, एवढंच. त्यावर पत्रांची रीघ लागली. देवळाली कॅम्पात वाचनालय चालवते म्हटल्यावर फौजी वाचक माझ्या पाचवीलाच पुजलेले आहेत, पण या वेळी सांगली-ठाण्याहूनही लोकांनी लिहिलं. तेव्हा आजचं सदर त्याच्याच नावावर.

ताई, मॅकनॅब हे त्याचं खरं नाव आहे का? आणि सैन्यातला माणूस असं लिहायला शिकला कुठे? इंग्रजी विषय घेऊन पदवी वगैरे केली होती का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

नाव टोपणच. खरं नाव स्टीव्हन मिचेल, आणि ते आता जगजाहीर आहे. उत्तर आयर्लंडमध्ये छुप्या कामगिऱ्या केल्यामुळे टीव्हीवरच्या मुलाखतींत तो वर्षानुवर्षं चेहरा अंधारात ठेवून बसायचा.

पदवीचं म्हणशील तर ऐक. १९५९ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर एक तान्हं मूल सापडलं, हॅरॉड्स या बड्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेलं. तोच हा. एका कुटुंबाने दत्तक घेतला, लंडनच्या पेकम भागात वाढला, शाळेत टिकला नाही, चोऱ्यामाऱ्या करून सुधारगृहात पोचला. १९७६ मध्ये, सोळाव्या वर्षी फौजेत भरती झाला तेव्हा त्याचं वाचन प्राथमिक शाळेतल्या पोराइतकं होतं. फौजेने आधी वर्गात बसवलं. इंग्लंडात लहान मुलांसाठी ‘जॅनेट अँड जॉन’ नावाची वाचनमाला होती, आपल्या बालभारतीच्या पहिली-दुसरीसारखी. तिचं दहावं पुस्तक हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा सबंध वाचलेलं पुस्तक. हे तो स्वतःच सांगतो, आणि लाजत नाही.

पुढे १९८४ ते १९९३ एसएएस. ‘हीट’ या १९९५ च्या हॉलिवूडपटातल्या नटांना बंदुका हाताळायला शिकवणाऱ्यांतही तो होता. वाचकांना हाच भाग हवा असतो, माझा जीव मात्र त्या वर्गात अडकतो. मिसरूड फुटलेला रंगरूट, हातात बाराखडी सुटल्यावरचं पुस्तक, आणि आजूबाजूला तसेच आणखी दहा-बारा जण असणार. २०१७ मध्ये ब्रिटनने त्याला सीबीई हा किताब दिला तो साक्षरता आणि समाजकार्यासाठी. तुरुंगांत, शाळांत जाऊन तो वाचनाबद्दल बोलत असतो.

ताई, जय हिंद. गावात मला सगळे मेजर म्हणतात, निवृत्त झालो हवालदार म्हणून. २१ पॅरामध्ये होतो. दोन वह्या भरून लिहिलं आहे, त्यातली चार पानं सोबत पाठवतो. मुलगा म्हणतो कादंबरी करा, कादंबरी खपते. मला वाटतं खरं तेच लिहावं. काय करू? आणि सरकारची काही अडचण येईल का?
— एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

मेजर, जय हिंद. २१ पॅरा म्हणजे आपल्या लष्कराच्या विशेष दलाची बटालियन, मूळची २१ मराठा लाइट इन्फंट्री, ‘वाघनखं’. तुम्हाला सल्ला द्यायला हात थरथरतो, पण विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: कादंबरी करा. मुलगा खपाचं बोलतोय. माझं कारण वेगळं आहे.

मॅकनॅबचंच उदाहरण घ्या. जानेवारी १९९१, आखाती युद्ध. ‘ब्राव्हो टू झीरो’ या सांकेतिक नावाची आठ जणांची तुकडी हेलिकॉप्टरने इराकमध्ये उतरली. काम होतं स्कड क्षेपणास्त्रांचे लाँचर हुडकायचे आणि रस्त्याकडेच्या दळणवळणाच्या तारा तोडायच्या. गाडी नाही, माणशी ९० किलोंच्या वर ओझं, वायरलेसवर संपर्क होईना, आणि त्या वाळवंटात त्या वर्षी बर्फ पडावं अशी थंडी. मागावर लोक लागले. तिघे दगावले, त्यातले दोघे थंडीने गारठून. मॅकनॅब धरून चौघे कैद झाले आणि त्यांचे हाल हाल झाले. एकटा निसटून चालत सीरियात पोचला.

मॅकनॅबने १९९३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, तुकडीच्याच नावाचं, आणि ते लाखांनी खपलं. निसटलेल्यानेही, ख्रिस रायन या टोपणनावाने, १९९५ मध्ये स्वतःचं लिहिलं. दोन्ही पुस्तकं खरी म्हणूनच छापलेली, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत! रायनच्या पुस्तकात गारठून मेलेल्या सार्जंट व्हिन्स फिलिप्सवर बरंच खापर फुटलं. फिलिप्सच्या घरच्यांना ते जिव्हारी लागलं. मग मायकेल अॅशर हा लेखक, तोही एसएएसच्या राखीव तुकडीत राहिलेला, थेट इराकमध्ये गेला, तिथल्या बेदुइनांना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांना, भेटला आणि २००२ मध्ये लिहिलं की पुस्तकांतल्या मोठमोठ्या चकमकी तिथल्या कुणी पाहिलेल्याच नाहीत. कोण खरं, हा निवाडा मी देवळालीत बसून करणार नाही. मला एवढंच दिसतं की आठवण सांगताना मेलेल्या माणसाचं नाव आलं की पलीकडे त्याची आई असते, बायको असते, आणि ती पुस्तक उघडून आधी तेच पान शोधते.

मॅकनॅबच्या कादंबऱ्यांतला नायक निक स्टोन. तो घाबरतो, चुकतो, वरिष्ठांना शिव्या घालतो, पैशांसाठी नको ती कामं घेतो. स्टोनची आई पुण्यात किंवा लंडनमध्ये कुठेच नाही, त्यामुळे मॅकनॅबला त्याच्याबद्दल सगळं सांगता येतं. माझ्या मते तो आठवणींपेक्षा कादंबऱ्यांत जास्त खरा आहे. हे मत वाचनालयात मांडलं की दोन निवृत्त कर्नल खुर्ची सोडून उठतात, उठोत.

आता सरकारचं. या पुस्तकांचा पाऊस पडल्यावर ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये विशेष दलांतल्या सैनिकांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतले. त्याच तुकडीतल्या, माइक कोबर्न या टोपणनावाच्या न्यूझीलंडच्या सैनिकाने तरीही लिहायला घेतलं. खटला वर्षानुवर्षं चालला. पुस्तक २००४ मध्ये निघालं खरं, पण कमाईवर हक्क ब्रिटिश सरकारचा ठरला. अमेरिकेत जॅक कार हा नेव्ही सील या नौदलाच्या विशेष दलातून आलेला थ्रिलरकार. त्याची हस्तलिखितं छपाईआधी संरक्षण खात्याच्या तपासणीला जातात, आणि खात्याने खोडलेल्या ओळी तो काढून टाकत नाही, काळ्या पट्ट्यांसकट छापतो. पट्टी दिसली की वाचक थबकतो. खात्याने फुकटात केलेली जाहिरातच म्हणा!

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे आणि निवृत्ती घेतली म्हणून तो सुटत नाही. कादंबरी म्हटलं म्हणूनही नाही. ठिकाण, तारीख, पद्धत, हत्यार, वायरलेस यांतलं काही जसंच्या तसं येत असेल तर प्रकाशकाकडे जाण्याआधी आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालतंय की’ यावर विसंबू नका.

राहिली तुमची चार पानं. ‘शत्रूच्या उरात धडकी भरली’ हे तीनदा आलंय, तिन्ही काढा. ‘भारतमातेच्या वीरपुत्रांनी’ने सुरू होणारा परिच्छेद पूर्ण काढा, तो कुणीही लिहील. दुसऱ्या पानावर मात्र तुमचा जोडीदार खोकला दाबायला जॅकेटची बाही तोंडात कोंबून रात्रभर पडून राहतो आणि सकाळी ती बाही गोठून कडक झालेली असते. मेजर, हे कुणा शहरी लेखकाला सुचणार नाही. मॅकनॅबचं बळ यातच आहे. दबा धरून बसलेली माणसं मागे खूण राहू नये म्हणून आपली विष्ठासुद्धा पिशव्यांत भरून जवळ ठेवतात, हे तो सरळ लिहितो. कोरड्या ओढ्यात लपलेल्या त्या तुकडीचा घात शेळ्यांमागे आलेल्या एका पोरामुळे झाला, असं त्याच्या पुस्तकात आहे. रणगाडा नाही, गुप्तहेर नाही, गुराखी पोरगं. तुमच्या वह्यांत असं जे जे असेल त्याच्याखाली रेघ मारा आणि तिथून कादंबरी सुरू करा. जोडीदाराचं नाव, गाव, जात, हुद्दा सगळं बदला. बाही बदलू नका.

माझा मुलगा नववीत आहे. पुस्तकाला हात लावत नाही, पण कमांडोंचे व्हिडिओ तासन्‌तास पाहतो. त्याला ही पुस्तकं दिली तर चालतील का? हिंसेची भीती वाटते.
— एक आई, ठाणे

‘ब्राव्हो टू झीरो’ आत्ता नको, त्यात छळाची वर्णनं अंगावर येतात. ख्रिस रायनने याच वयाच्या मुलांसाठी ‘अल्फा फोर्स’ ही मालिका लिहिली आहे, इंग्रजी सोपं आहे. पाच मुलामुलींची टोळी, साहस भरपूर. ती द्या. व्हिडिओ बंद करू नका, उगाच पुस्तक शिक्षा वाटेल. आणि मुलगा दहा पानांत कंटाळला तर कंटाळू द्या, दुसरं पुस्तक आणा.

मॅकनॅबची कुठली कादंबरी आधी वाचू? फार जाड नको.
— एक वाचक, नाशिकरोड

निक स्टोनची पहिलीच, ‘रिमोट कंट्रोल’. वॉशिंग्टनजवळ मित्राचं कुटुंब मारलं गेलेलं सापडतं, वाचते ती फक्त सात वर्षांची मुलगी, आणि लहान मुलाशी कसं बोलायचं हे ठाऊक नसलेला हा माणूस तिला घेऊन पळत सुटतो. त्या दोघांच्या संभाषणांसाठी वाचा, गोळीबाराची पानं भरभर उलटलीत तरी चालेल. जाड आहे, त्याला इलाज नाही. आमची प्रत सध्या एका सुभेदारसाहेबांकडे आहे. गुरुवारी परत येते म्हणालेत. संध्याकाळी पाचनंतर या, नाव सांगून ठेवते.