विकी उघडला की चॅलेंज संपतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डार्क सोल्स हा व्हिडिओ गेम खेळताना 'डेप्थ्स'मधल्या गटारांत बॅसिलिस्क नावाच्या बेडकांसारख्या प्राण्यांनी तुम्हाला शाप दिला, मेलात, परत उठलात तर आरोग्याची पट्टी निम्मीच. हे काय झालं आणि यावर उपाय काय, गेम काही बोलला नाही. विकी, म्हणजे खेळाडूंनीच मिळून लिहिलेली माहितीची वेबसाइट, उघडलीत, तर मित्राने ऐकवलं, 'गेम काही सांगत नाही हेच तर खरं चॅलेंज, विकी बघून खेळणं म्हणजे चीटिंग.'

आधी कामाचं. न्यू लोंडोच्या भग्नावशेषांत छपरावर इंगवर्ड नावाचा म्हातारा बसलेला असतो, तो सोल्स (या गेममधलं चलन, त्यावरच लेव्हलही वाढते) घेऊन शाप उतरवतो. उतरवण्याआधी खालच्या भुतांकडे एक चक्कर मारून या, कारण शापित माणसालाच त्या भुतांवर वार करता येतो. एरवी त्यासाठी वेगळी वस्तू वापरावी लागते.

आता वादाकडे. चीटिंग वगैरे काही नाही, तो भाग सोडून द्या. पण 'सांगत नाही म्हणून अवघड' हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मुळात 'माहिती लपवणं' या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. मेंढीकोट खेळताना भिडूच्या हातात काय आहे ते दिसत नाही. पण दश्शी म्हणजे मेंढी, हुकूम कशाला कापतो, हे चौघांनाही ठाऊक असतं. पानं पडत जातात तसा तुम्ही हिशोब करत जाता, आणि त्या हिशोबातच खेळाची सगळी मजा असते. आता समोरचा मधेच म्हणाला, 'चौकटच्या सत्तीने मेंढी मारता येते, तुम्हाला माहीत नव्हतं?' तर डाव तिथेच मोडेल. पहिल्या प्रकारात परिस्थिती झाकलेली आहे, दुसऱ्यात नियमच झाकलाय. व्हिडिओ गेममध्ये हे दोन्ही चालतं आणि दोन्हीला 'अवघड' म्हणतात, गोंधळ इथेच सुरू होतो.

माझी पहिली कसोटी साधी आहे. सगळं सांगून टाका आणि बघा काय उरतं.

याच डार्क सोल्समधले ऑर्नस्टीन आणि स्मॉ हे एकत्र लढणारे दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, घ्या. एक चपळ, भालेवाला. दुसरा जाडा, हातोडेवाला. ज्याला मागे ठेवाल तो मेलेल्याची शक्ती घेऊन पूर्ण आरोग्यानिशी पुन्हा उभा राहतो. सांगितलं सगळं. जा आता त्या दालनात. माहिती असूनही माणसं तिथे अडकून पडतात, कारण अडचण हातांची आणि नजरेची आहे: दोघांना एका वेळी डोळ्यासमोर ठेवायचं, खांब मधे घ्यायचा, एकच वार करून मागे सरायचं.

स्ले द स्पायर या कार्डं खेळून लढायच्या गेममध्ये तर ही गोष्ट आणखी उघडी पडते. तिथे प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर तो पुढच्या फेरीत काय करणार ते दाखवलेलं असतं, मारणार असेल तर किती ते आकड्यानिशी. पहिल्या अंकात ग्रेमलिन नॉब भेटतो. तुम्ही स्किल प्रकारचं कार्ड खेळलात की त्याची ताकद 2 ने वाढते, हे पडद्यावर लिहिलेलं असतं. बचावाचं 'डिफेंड' हे स्किलच, म्हणजे नेहमीच्या सवयीने ढाल पुढे केली की तो आणखी चवताळतो. मग आपण मार खात राहायचं आणि आपल्याआधी त्याला संपवायचं. लपवलेलं काहीही नाही, तरी नवखे त्याच्यासमोर पटापट पडतात. इन्टू द ब्रीच (2018) तर याच्याही पुढे जातो. 8 गुणिले 8 चौकोनांचा पट, कोणता किडा कुठे हल्ला करणार ते आधीच आखून दाखवलेलं, चाल मागेही घेता येते. आणि तुम्ही पाच-पाच मिनिटं एका फेरीकडे बघत बसता.

टेक्कन या मारामारीच्या गेमचा तर किस्साच आहे. कोणती लाथ किती फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाचा छोटासा तुकडा) बसते, अडवली गेली तर कोण आधी हलू शकतो, हा सगळा तपशील पडद्यावर दाखवण्याची सोय टेक्कन 7 मध्ये वेगळे पैसे घेऊन विकली. लोक त्यावर भडकले ते बरोबरच होतं. पण ती विकत घेतल्याने कुणी रातोरात चॅम्पियन झाला नाही. 10 फ्रेमची संधी आहे हे कळणं वेगळं आणि ती संधी दिसताच हात चालणं वेगळं.

मग लपवण्याने नेमकं होतं काय? स्ले द स्पायरच्या कर्त्यांनी याचं उत्तर स्वतःच गेममध्ये ठेवलंय. 'रुनिक डोम' नावाची वस्तू आहे. घेतली तर दर फेरीला एक ऊर्जा जास्त मिळते, पण शत्रूंचे इरादे दिसेनासे होतात. दुसऱ्या अंकात तीन कल्टिस्ट एकत्र समोर येतात तेव्हाची गंमत बघा. नवखा घाबरून बचाव करत बसतो. जाणत्याला माहीत असतं की कल्टिस्ट पहिल्या फेरीत कधीच मारत नाही, मंत्र म्हणतो आणि मग दर फेरीला त्याचा मार वाढत जातो. त्यामुळे तो पहिल्या फेरीत सगळं हल्ल्यावर उधळतो. एकच झाकण, पण दंड भरतो तो फक्त नवखा. जाणत्याला ऊर्जा जवळजवळ फुकटात पडते. म्हणजे लपवलेल्या नियमाची अडचण एकदाच खर्च होते. कळला की संपला, मग तो विकीवर कळो, मित्राकडून कळो की मरून कळो. तुमच्या मित्रालाही तो बहुधा कुणीतरी सांगितलेलाच असतो, हे आपलं माझं मत.

आता माझ्याच कसोटीला छेद देणारे गेम आहेत, ते टाळून चालणार नाही. आउटर वाइल्ड्स (2019) मध्ये 22 मिनिटांनी सगळं संपतं आणि पुन्हा सुरू होतं. नवी शस्त्रं नाहीत, लेव्हल नाहीत, तुमच्याजवळ वाढत जाते ती फक्त माहिती. सगळं सांगून टाका म्हटलं तर काहीच उरत नाही. मग तो खोटा ठरतो का? मुळीच नाही, कारण तिथे शोधणं हेच काम आहे आणि गेम त्या कामासाठी बांधलेला आहे. लुकास पोप यांचा रिटर्न ऑफ द ओब्रा दिन तसाच. जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते तुम्ही शोधायचं. तीन जणांचे तपशील बरोबर भरले की मगच गेम ते पक्के करतो. एकेकटं तपासलं असतं तर लोक यादीतली नावं एकामागून एक टाकून बघत बसले असते. तिघांच्या अटीमुळे अंदाजपंचे दाहोदरसे फार चालत नाही, पण तर्काने दोन पक्के असतील तर तिसऱ्यावर थोडा जुगार खेळता येतो. किती दडवायचं आणि किती बोलायचं याचा इतका नेटका हिशोब मी दुसरीकडे क्वचितच पाहिलाय. यापुढे सांगत नाही, खेळला नसाल तर वाट लागेल.

त्यामुळे दुसरा प्रश्न विचारावा लागतो: खेळाडूने विचारलं तर गेम उत्तर देतो का, आणि त्या उत्तराची किंमत किती?

डार्क सोल्समधल्या सेन्स फोर्ट्रेस या किल्ल्यात पेटीचं रूप घेतलेला मिमिक नावाचा राक्षस असतो. पहिल्यांदा तो गिळतोच. पण नीट बघितलं तर त्याच्या साखळीची ठेवण खऱ्या पेटीपेक्षा वेगळी असते, आणि तेही कळत नसेल तर पेटीवर एक वार करून बघायचा. खरी पेटी गप्प राहते, मिमिक उठतो. खर्च एका वाराचा. नेटहॅक या जुन्या भुयारी गेममध्येही (1987) दर डावाला औषधांचे रंग बदलतात, कुठली बाटली कशाची ते कळत नाही. पण दुकानात विकायला धरली की भावावरून अंदाज येतो, वेदीवर ठेवली की शापित आहे का ते चमकून कळतं, छडी कसली आहे ते तिने जमिनीवर लिहून बघता येतं. इतकं झाकलेलं असूनही चौकशीला इतक्या वाटा. त्याच नेटहॅकमध्ये कॉकट्राइस या प्राण्याचं प्रेत उघड्या हाताने उचललं की दगड होऊन डाव खलास, ही मात्र निव्वळ एकदाची अद्दल.

आता उलटी बाजू. डार्क सोल्समधला 'रेझिस्टन्स' हा गुण. लेव्हल वाढवताना बाकीच्यांच्या बरोबरीने ऐटीत बसलेला असतो, पण त्यात टाकलेले सोल्स जवळजवळ पाण्यात जातात. आणि पहिल्या भागात लेव्हल परत फिरवता येत नाही. प्रयोग करून बघायचा म्हटलं तर तो कायमचा. त्याच गेमची आर्टोरियसची डीएलसी, म्हणजे नंतर आलेला जोडभाग, घ्या. पैसे देऊन घेतलेली गोष्ट, पण तिथे पोचायला डार्करूट बेसिनमधला सोनेरी गोलेम मारायचा, त्यातून डस्क नावाच्या राजकन्येला सोडवायचं, मग थेट ड्यूक्स आर्काइव्ह्जमध्ये एका गोलेमकडून तुटलेलं पदक मिळवायचं आणि परत बेसिनमध्ये यायचं. यात चॅलेंज कुठलं? हा पत्ता आहे, आणि पत्ता विचारायचाच असतो.

तुमचा शाप या दोघांच्या मधे बसतो असं मला वाटतं. बेडकांचा धूर दिसतो, भरत जाणारी पट्टी दिसते, धुरातून बाहेर पळालात की ती उतरते. इथवर सगळं सरळ आहे. पण मेल्यानंतरही शिक्षा अंगावर राहते हे पहिल्यांदा कळतं ते भोगल्यावर, आणि उतारा कुठे मिळेल याचा मागमूस गटारात नाही. माझ्या मते हा दुसरा भाग फसलेला आहे, पहिला नाही.

लपवण्याच्या बाजूने एक मोठा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. 1984 साली नामकोने टॉवर ऑफ ड्रुआगा हा आर्केड गेम आणला. 60 मजले, आणि मजल्या-मजल्यावर पेटी बाहेर यायला काहीतरी विचित्रच करावं लागतं. मशीन इशाराही देत नाही आणि काही वस्तू चुकल्या तर शेवट गाठताच येत नाही. एकट्याने सोडवायचा म्हटलं तर अन्याय. पण जपानमधल्या आर्केडमध्ये लोक वह्या ठेवून सापडलेलं लिहून ठेवत, पुढचा त्यावरून पुढे जाई. खेळाडू एक माणूस नव्हताच, अख्खं दुकान होतं. हेच घरच्या टीव्हीवर आलं की कसं उलटतं त्याचा नमुना म्हणजे 1987 चा सायमन्स क्वेस्ट: लाल स्फटिक हातात धरून एका कड्यापाशी गुडघ्यावर बसून राहायचं, मग वावटळ येऊन पुढे नेते. इंग्रजी आवृत्तीत याचा इशारा काय, तर कड्यावर डोकं आपटून भोक पाड! वर गावातले काही लोक चक्क खोटं बोलतात.

डार्क सोल्समध्ये जमिनीवर खेळाडूंनी लिहिलेले संदेश दिसतात ते ड्रुआगाच्या त्या वहीसारखेच. म्हणून विकी ही या गेमच्या विरोधातली गोष्ट नाही. एल्डन रिंग 2022 च्या फेब्रुवारीत आला, त्यात पात्रं कुठे गायब होतात ते कळेना म्हणून लोक वैतागले. पुढच्याच महिन्यात 1.03 अपडेटने भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर दाखवायला सुरुवात केली. कुणीही म्हणालं नाही की त्यातली मॅलेनिया ही अवघड बॉस सोपी झाली. ती आपली घावागणिक स्वतःचं आरोग्य भरून घेतच राहिली.

मी स्वतः कसं ठरवतो ते सांगतो. जे परत फिरवता येत नाही ते आधी वाचून घेतो: लेव्हल, एकदाच मिळणारी वस्तू, चुकून मारलं तर परत न येणारा दुकानदार. जे दुसऱ्या फेरीत आपलं आपण कळेल, म्हणजे बॉसच्या चाली, सापळे, रस्ते, ते वाचत नाही. कंटाळा आला तर वाचतो, त्यातही काही पाप नाही.

तुम्ही डेप्थ्समध्ये आहात म्हणजे पुढे ब्लाइटटाउन. तिथले नळीतून विषारी बाण फुंकणारे एकदा मेले की परत येत नाहीत. त्यांना सोडून पळू नका, एकेकाला शोधून काढा. एवढं गेम कुठेच सांगत नाही म्हणून मी सांगितलं. शिड्या आणि फळकुटांचे पूल तुमचे तुम्ही बघा.