एक्सप्रेसवेवर पाटी १०० ची, मग सगळे १२० ने का जातात? आणि मी किती वेगाने जावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी गाडी घेतली आहे, महिन्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जाणं होतं, पाटीवर १०० लिहिलंय म्हणून तुम्ही ९५-१०० ने जाता. तर मागून डिपर, डावीकडून कट, आणि शेजारी बसलेले मेहुणे म्हणतात, "दाबा की जरा, जर्मनीत तर मर्यादाच नसते." म्हणजे पाटी खरी मानायची की रस्ता?

मी वाहतूक तज्ज्ञ वगैरे नाही, हिशेबनीस आहे. पण २००९ पासून चिंचवड ते बेलापूर आठवड्यातून एकदा तरी जातो-येतो, आणि आकडे लिहून ठेवायची खोड आहे. तेवढ्या भांडवलावर हे उत्तर.

पाटी बघून वेग ठरवणारा माणूस मला या रस्त्यावर अजून भेटायचाय. सुरुवातीची बरीच वर्षं इथे कारला ८० ची मर्यादा होती आणि लोक १०० ने जायचे. मग ती १०० झाली आणि लोक ११५-१२० वर गेले. पाटीचा उपयोग 'याच्यावर किती' हे मोजायला होतो, असं मी गमतीने म्हणतो. पण मग नेमके १२० च का? १४० का नाही?

माझ्या मते या रस्त्यावरचा सगळ्यात कडक हवालदार डॅशबोर्डमध्ये बसलाय. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे. ८० ओलांडले की थोड्या थोड्या वेळाने टिंग-टिंग, आणि १२० ओलांडले की सलग. पहिला आवाज कोणी मनावर घेत नाही, दोन दिवसांत कान तो गाळून टाकतात. दुसरा मात्र सहन होत नाही. मागच्या सीटवर झोपलेली आई उठते, बायको चष्मा वर करून काट्याकडे बघते, आणि आपला पाय आपोआप सैल होतो. त्यामुळे सपाटीला उजवीकडच्या लेनमध्ये ११६, ११७, ११८ असे चिकटून चालणारे जितके दिसतील, तितके दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर दिसणार नाहीत. गंमत अशी की १०० ला कसलाच आवाज नाही. पाटी एक सांगते, गाडी दुसरंच सांगते, आणि गाडीचं ऐकणं सोपं असतं. त्यात २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर कारसाठी कमाल १२० हा आकडा जाहीर केला होता. राज्यांना त्याहून कमी मर्यादा ठेवायची मुभा आहे आणि इथे ती १०० ठेवली आहे. पण लोकांच्या डोक्यात १२० बसला तो बसलाच.

(काट्यावरही फार विश्वास ठेवू नका. खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायची मुभा स्पीडोमीटरला नसते, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच दाखवणारा करतात. माझ्या गाडीत काटा १०० ला असतो तेव्हा मोबाइलवरचा नकाशा ९५-९६ दाखवतो. म्हणजे तुमचे ९५ हे खरे ९१ सुद्धा असू शकतात. मागच्याच्या चिडण्याचं हे एक छोटं कारण.)

दुसरी गोष्ट गाडीची. माझ्याकडे आधी २००४ ची मारुती ८०० होती. तिला ९० ला नेलं की आरसा थरथरायचा, काचांतून वारा शिट्टी वाजवायचा, आणि कळंबोलीला उतरेपर्यंत खांदे अवघडलेले असायचे. वेग अंगाला लागायचा. आताच्या गाडीत १२० ला गाणं कमी आवाजात ऐकू येतं. शिवाय उंच गाडीत बसलं की रस्ता डोळ्यांपासून लांब जातो आणि तोच वेग कमी वाटतो. कमी उंचीच्या सेडानमध्ये १०० जेवढे जाणवतात, तेवढे जाणवायला उंच गाडीवाल्याला आणखी पळवावी लागते. त्याला आपण उद्धट म्हणतो. असतोही, पण दर वेळी नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांच्या सवयीची. ही मला समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा नीट कळली. आपला एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. त्यात बोगदे, घाट, टोलनाके, फूडमॉल, काही ना काही सतत बदलत राहतं. समृद्धी ७०१ किलोमीटर, आणि त्यातले कित्येक पट्टे सुतासारखे सरळ. तो सपाटीला १५० च्या वेगासाठी आखलेला आहे, कारला मर्यादा १२० ची. शिर्डीच्या पुढे तासभर १२० धरल्यावर मला मनापासून वाटायला लागलं, की गाडी रेंगाळतेय. बाहेर पडायच्या उतारमार्गावर ६० ला आलो तर थांबल्यासारखं वाटलं आणि वळणावर पोटात गोळा आला, कारण डोकं म्हणत होतं ३० आणि चाकं म्हणत होती ६०. किवळ्याला एक्सप्रेसवे सोडून गावात शिरताना हेच होतं. पहिले दोन-तीन किलोमीटर माणूस गल्लीतसुद्धा हायवेच्या वेगाने घुसतो. तिथे काट्याकडे बघायचं, पायावर भरवसा ठेवायचा नाही.

आता तुमच्या मागच्या डिपरवाल्याकडे येतो. खरं तर आपला वेग बराचसा आजूबाजूचे ठरवतात. रस्ते आखणारे एक आकडा वापरतात. मोकळ्या रस्त्यावर शंभरातले ८५ चालक ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. विचार असा की बहुतेक माणसं शहाणी असतात, रस्ता बघून बेताने चालवतात. सगळे साधारण सारख्या गाड्यांतून जात असतील तिथे हे पटतं. आपल्या रस्त्यावर मला ते पटत नाही. इथे एकाच वेळी १२० वाली एसयूव्ही आहे, वेगनियंत्रक बसवल्यामुळे ८० च्या पुढे न सरकणारी पिवळ्या पाटीची टॅक्सी आहे, ५० ने चाललेला आणि तरीही मधल्या लेनमध्ये ठाण मांडलेला कंटेनर आहे, आणि त्याला मागे टाकायला उजव्या लेनमध्ये आलेला दुसरा कंटेनर आहे, ज्याचा वेग ५२ आहे. या दोघांची शर्यत दोन किलोमीटर चालते. मागे कारची रांग, रांगेतून डावीकडे उसळणारा एखादा, आणि त्या डाव्या लेनमध्ये पुढे पंक्चर काढत उभा असलेला टेम्पो. मला भीती १२० या आकड्याची कमी वाटते. ५२ आणि १२० एकाच लेनमध्ये भेटतात, त्याची जास्त वाटते. तो ६८ चा फरक भरून काढायला मागच्याला तीन-चार सेकंद मिळतात, आणि त्यातला एक सेकंद तो फोनकडे बघत असतो.

मेहुण्यांच्या जर्मनीचं उत्तर इथेच आहे. तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच भागांत मर्यादा नाही हे खरं. पण १९७८ पासून १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याहून वेगात असताना अपघात झाला तर दोषाचा काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. ट्रकला ८० ची मर्यादा आहे. आणि तिथे ज्या बाजूने मागे टाकायचं ती बाजू ठरलेली आहे, चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करायला मनाई आहे. तिथला वेग आणायचा तर ही लेनची शिस्तही सोबत आणावी लागेल, आणि ती एकट्या मेहुण्यांच्या सामानात मावायची नाही.

आता हिशेब, कारण ते माझं काम. घाट सोडला तर सपाटीचे साधारण ७५ किलोमीटर उरतात. ते ८० ने गेलात तर ५६ मिनिटं, १०० ने ४५, १२० ने साडेसदतीस, १४० ने ३२. म्हणजे ८० वरून १०० ला आलात तर ११ मिनिटं हाती लागतात. १०० वरून १२० ला जाऊन साडेसात, आणि तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच. पुढच्या २० ला जेमतेम साडेपाच. मी तीन महिने घराच्या फाटकापासून ऑफिसच्या फाटकापर्यंतची वेळ डायरीत लिहिली. मी किती पळवलं याचा आणि पोचायच्या वेळेचा मेळ काही बसेना. घरातून ६:१० ला निघालो की ६:४० ला, याचा मेळ मात्र पक्का बसत होता. आणि फूडमॉलला वडापावच्या रांगेत उभं राहिलो त्या दिवशी सगळी कमाई तिथेच जमा.

खर्चाची बाजू बघा. समोर अचानक काही आडवं आलं. बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा आणि रस्ता कोरडा, टायर चांगले. १०० वाली गाडी सुमारे ९७ मीटरवर थांबते. १२० वालीला १२९ मीटर लागतात. ३२ मीटरचाच फरक, असं वाटेल. पण उलट करून बघा. दोन्ही गाड्यांनी एकाच जागी तो अडथळा पाहिला आणि तो बरोबर ९७ मीटरवर आहे. १०० वाली त्याला टेकून थांबली. त्याच जागी १२० वालीचा वेग अजून ७७ आहे. मी हे गणित तीनदा तपासलं, कारण मला खरं वाटत नव्हतं. पहिल्या दीड सेकंदात ती ८ मीटर जास्त पुढे आलेली असते आणि वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते, त्यामुळे १०० च्या मानाने १२० ला ती ४४ टक्के जास्त असते. साडेसात मिनिटांच्या बदल्यात हा सौदा मला नाही परवडत. हवेचा अडथळाही त्याच वर्गाने वाढतो, तो पेट्रोलच्या बिलात दिसतो.

घाटाचं वेगळं सांगतो, कारण तिथे माझे स्वतःचे २००० रुपये गेलेत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना कारला ६० ची मर्यादा आहे, आणि मला ती हास्यास्पद वाटायची. तीन लेन, गुळगुळीत रस्ता, गाडी नुसत्या उतारावर ७५-८० पकडते. २०२४ पासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आणि एका रविवारी ७८ वर असताना तिने मला पकडलं. चूक माझीच, वाद नाही. पण त्यानंतर सहा-सात वेळा मुद्दाम ६० धरून उतरलो तेव्हा कळलं की ती मर्यादा एकट्या कारसाठी नाही. शेजारून ४० टनांचा ट्रक उतरत असतो. त्याच्या चालकाने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली असेल तर सगळा भार ब्रेकवर, आणि लोणावळ्यापासून तापत आलेले ब्रेक खाली येईपर्यंत धरतील याची खात्री नाही. तो मागून येताना तुम्हाला आरशात दिसायला हवा, आणि बाजूला व्हायला वेळ हवा. ७८ ला आपण फक्त पुढचं वळण बघत असतो. आता मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो, ब्रेक क्वचित लागतो.

कॅमेऱ्यांनी एक नवी तऱ्हा मात्र आणली. कॅमेऱ्यांची कमान दिसली की सगळे एकदम ९८, कमान गेली की पुन्हा १२०. मागच्याला तुमचा ब्रेक अचानक दिसतो, ते वेगळंच. दोन कमानींमधला सरासरी वेग मोजायची सोयही इथे बसवली आहे, म्हणून ही हुशारी दर वेळी कामाला येईलच असं नाही.

तर तुम्ही काय करावं? मी काय करतो ते सांगतो. सपाटीला मधली लेन, काट्यावर १००. उजव्या लेनमध्ये फक्त मागे टाकण्यापुरता जातो आणि लगेच परततो. तुम्हाला डिपर मिळतो तो १०० साठी नसून १०० ने उजव्या लेनमध्ये राहण्यासाठी असावा, असा माझा अंदाज. तसं असेल तर मागच्याचं निम्मं बरोबर आहे. त्याला जाऊ द्या, त्याच्यासाठी वेग वाढवू नका. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद अंतर ठेवतो. त्यात दर पाच मिनिटांनी कोणीतरी घुसतं, मग पुन्हा अंतर तयार करतो. आधी चीड यायची, आता येत नाही. पावसात, आणि लोणावळ्याच्या धुक्यात तर नक्कीच, १०० हा आकडा विसरतो. ७० सुद्धा जास्त वाटतात कधीकधी.

आणि परतीला शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कळंबोलीहून निघणार असाल, तर हे सगळं वाचण्यात तुमची दहा मिनिटं फुकट गेली. खोपोलीपासून वर ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये १५ ने चढायचंय. मेहुण्यांना गाडी चालवायला द्या.