क्रूझवर मुलं सांभाळायला धाकट्या बहिणीला बरोबर न्यावं का?

तुम्ही लिहिलंय : मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, सात रात्रींची क्रूझ. संध्याकाळी दोघांना निवांत जेवायचंय, पण जहाजावरच्या परक्या माणसांकडे मुलं सोपवायला मन धजत नाही. म्हणून लग्न न झालेल्या धाकट्या बहिणीला बरोबर न्यायचा विचार आहे, ‘तिचंही फिरणं होईल’. कसं राहील?

मी ती धाकटी बहीण. तुमची नसले तरी कुणाची तरी. त्यामुळे कसं राहील ते मला चांगलंच ठाऊक आहे.

अडीच वर्षांपूर्वी ताईचा फोन आला. ‘तुझं तिकीट आमच्याकडून. तू फक्त बॅग भर.’ मी नाचायचीच बाकी होते. एक लांब गडद निळा ड्रेस घेतला, कारण एका रात्री सगळे नटूनथटून जेवायला जातात असं वाचलं होतं. भाची तेव्हा पाच वर्षांची, भाचा दोन वर्षं आठ महिन्यांचा. हे आठ महिने लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

किड्स क्लब, म्हणजे जहाजावर मुलांना खेळवत सांभाळायची जागा, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून, आणि मूल डायपरमधून पूर्ण बाहेर आलेलं असलं तरच. चड्डीसारखा घालायचा पुल-अप डायपर चालत नाही, ‘रात्रीपुरतंच घालतो हो’ चालत नाही. वय पासपोर्टवरून बघतात. ताईला वाटलं होतं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, गोड बोललं की घेतील. नाही घेतलं. तीन वर्षांखालच्यांसाठी त्या जहाजावर नर्सरी होती, तासावर पैसे घेणारी, तिचं बुकिंग प्रवासाच्या आधीच ऑनलाइन उघडलं होतं. ताईने ते बघितलंच नव्हतं, कारण मावशी आहेच! पहिल्या दिवशी आम्ही चढून, जेवून, सामान लावून दुपारी नर्सरीच्या दारात गेलो तर संध्याकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या. सकाळी नऊ ते अकरा तेवढं शिल्लक होतं. नऊ ते अकरा कुणाला हवं असतं?

ताई आणि जिजूंची केबिन वर, बाल्कनीवाली. माझी दोन डेक खाली, खिडकी नसलेली. मुलं कागदावर त्यांच्या केबिनमध्ये आणि झोपायला माझ्याकडे. रोज साडेसातला धाकट्याला दूध देऊन झोपवायचं, भाचीला क्लबातून आणून झोपवायचं, आणि मग अकरा-साडेअकरापर्यंत मी काय करायचं? खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा मालवला की डोळ्यासमोरचा हात दिसत नाही. दिवा लावला की धाकटा उठून बसतो. म्हणून मी बाथरूममध्ये बसायचे. कमोडचं झाकण लावून, त्यावर उशी ठेवून, दार चार बोटं उघडं, पाय शॉवरच्या उंबऱ्यावर. एक पुस्तक नेलं होतं, ते तिसऱ्या रात्री संपलं. चौथ्या रात्री शाम्पूच्या बाटलीमागचा मजकूर वाचला. एक्झॉस्टची घरघर, वरच्या मजल्यावर कुठेतरी ढोल वाजल्यासारखा आवाज, आणि मधूनच बोळातून हसत जाणारी माणसं.

तुम्ही म्हणाल, मुलं झोपल्यावर बाहेर पडायचं की. ताईनेही दुसऱ्याच दिवशी तेच सुचवलं. ‘बेबी मॉनिटर आणलाय ना मी, तो लाव आणि ये वर.’ जहाजाच्या भिंती पोलादाच्या. दार ओढून बोळात दहा पावलं गेले तर मॉनिटरवर नुसती खरखर. मग म्हणे फोनवरून व्हिडिओ कॉल चालू ठेव. समुद्रातलं वाय-फाय मिनिटाला तीनदा तुटायचं. मी म्हटलं, मी त्यांना एकटं सोडणार नाही. ताई म्हणाली, तू उगाच बाऊ करतेस. हे भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे चारचौघांत विचारते : पावणेतीन वर्षांचं पोर, आतून उघडणारं दार, बाहेर दोन हजार अनोळखी माणसं आणि तीन जिने. बाऊ कोण करतंय?

एका संध्याकाळी मी भाचीला आणायला क्लबात गेले तर देईनात. नाव नोंदवताना मूल कोण नेऊ शकतं याची यादी द्यायची असते आणि एक परवलीचा शब्द ठरवायचा असतो. ताईने स्वतःचं आणि जिजूंचं नाव लिहिलं होतं. शब्द मला माहीत नव्हता. भाची काउंटरच्या पलीकडून ओरडतेय, ‘ही माझी मावशीच आहे!’, माझ्या कडेवर धाकटा रडतोय, आणि ती क्लबातली मुलगी अत्यंत नम्रपणे मान हलवतेय. ताई तेव्हा स्पामध्ये, फोन लॉकरमध्ये. पाऊण तास उभी होते. खरं सांगू? राग आला, पण त्या मुलीबद्दलचा आदर वाढला. माझ्याकडे बघून, पोरीने मावशी म्हटलं म्हणून तिने मूल हातात दिलं नाही. परक्यांवर भरवसा नाही म्हणताना हे जरा लक्षात घ्या. घरचीच माणसं जास्त ढिली असतात.

त्याहून मोठी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली. धोक्याचा भोंगा वाजला तर कुणी कुठे जमायचं हे केबिनवर ठरतं, त्याला मस्टर स्टेशन म्हणतात. लहान मुलांच्या मनगटावर पट्टा बांधतात, त्यावर त्यांचं स्टेशन लिहिलेलं असतं. मुलांच्या पट्ट्यावर ताईचं स्टेशन, माझ्या कार्डावर दुसरंच, जहाजाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे रात्री भोंगा वाजला असता तर मी दोघांना घेऊन माझ्या जागी गेले असते आणि ताई-जिजू त्यांच्या जागी वेड्यासारखी मुलं शोधत राहिली असती. क्लबात किंवा नर्सरीत मुलं असली तर त्यांना कुठे न्यायचं ते तिथल्या लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. मावशीचं कुणी काही ठरवलेलं नसतं. बहीण नेलीतच तर पहिल्याच दिवशी रिसेप्शनला जाऊन हे विचारा, आणि दोन्ही केबिनी एकाच स्टेशनवर येतील अशा मागून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे सोय काय असते त्याचं. तुमचा चार वर्षांचा कुठल्याही क्लबात बसेल, डायपर सुटला असेल तर. त्याची काळजी सोडा, तो तिथून निघायलाच तयार होणार नाही. खरा प्रश्न दीड वर्षाच्या मुलीचा. क्रूझ कंपन्यांपैकी डिझ्नीच्या जहाजांवर ६ महिने ते ३ वर्षं अशी नर्सरी आहे, तासाचे पैसे घेतात आणि जागा आधी राखावी लागते. रॉयल कॅरिबियनच्या ज्या जहाजांवर नर्सरी आहे तिथे ६ ते ३६ महिने. कार्निव्हल २ वर्षांपासून क्लबात घेतं आणि डायपरही बदलतं, पण तुमची मुलगी अजून दोनची नाही. नॉर्वेजियनचा क्लब ३ पासून. पी अँड ओच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर रात्रीची नर्सरी असते, मूल तिथेच पाळण्यात झोपतं आणि तुम्ही येऊन उचलून नेता. मला विचाराल तर याहून शहाणी सोय दुसरी नाही. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग १८ वर्षांखालच्यांना चढूच देत नाहीत, तिकडे बघू नका. केबिनमध्ये येऊन मूल सांभाळणारी बाई मिळेल असं कुणी सांगितलं तर ते जुन्या काळचं आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे आता ती सोय नाही. रात्री दहानंतर क्लबातच एकत्र सांभाळतात, त्याचे तासावर वेगळे पैसे.

नर्सरीच्या जागा कमी असतात, कारण इतक्या लहान मुलांमागे माणसं जास्त लागतात. म्हणून बुकिंग उघडेल त्या दिवशी, त्या तासाला बसा. संध्याकाळी सात ते दहा आधी घ्या, दुपारचं नंतर बघू. आणि जेवणाची उशिराची पाळी निवडा, मुलीला आधी भरवून सोडता येतं. ताप किंवा जुलाब असले तर नर्सरी मूल घेत नाही, मग बुकिंग असो वा नसो. जहाजावर पोटाचा विषाणू वणव्यासारखा पसरतो म्हणून ते कडक असतात. तशा दोन-तीन संध्याकाळी तुम्हा दोघांपैकी एकाला केबिनमध्येच बसावं लागेल. पाळी लावून बसा. हो, आईबापांनी.

पोहण्याचंही सांगते. डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात सोडत नाहीत, पाण्यात घालायचा खास डायपर असला तरी. काही जहाजांवर तान्ह्यांसाठी वेगळी कारंजी असतात, तेवढंच. म्हणजे दुपारीही कुणीतरी काठावर डायपरवाल्याला धरून बसणार. कोण बसलं असेल ते सांगायला नकोच. आपल्याकडे म्हण आहे, माय मरो पण मावशी उरो. ती म्हण कुणा मावशीने केली नसणार.

तो निळा ड्रेस? पाचव्या रात्री नटूनथटून जेवणं होतं. ताई म्हणाली, आज तू जा, मी बसते. मी केस बांधले, ड्रेस हँगरवरून काढला. सव्वासातला जिजूंचा फोन, त्यांच्या टेबलावर कुणी ओळखीचं जोडपं भेटलंय, ‘आजच्या दिवस जमेल का गं?’ मी ताई-जिजूंचा फोटो काढला, माझ्याच केबिनच्या दारात, धाकटा माझ्या डाव्या कडेवर. तो फोटो ताईच्या दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, ‘आम्ही हिलाही नेलं होतं हं क्रूझला.’

थोडं ताईच्या बाजूनेही लिहायला हवं. तीन वर्षं तिला सलग झोप नव्हती. जेवताना कुणी ‘आई’ म्हणून हाक न मारलेलं ते तिचं पहिलंच जेवण असेल. आणि मीही जायच्या आधी तोंड उघडून विचारलं नाही की रोज संध्याकाळी मी कुठे असणार. मुलांचा तर काहीच दोष नाही, धाकटा झोपेत माझी करंगळी धरून ठेवायचा. तुमची बहीण कदाचित आनंदाने बसेल, तिला माझ्यासारखी खुन्नस नसेल. वर लिहिलेली वयं आणि नियम जहाजाजहाजावर वेगळे असतात, बदलतातही, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या कंपनीच्या पानावर तुमच्या जहाजाचं नाव घालून बघा.

पण बहिणीला न्यायचंच असेल तर तिला आज फोन करून वार मोजून सांगा, सातपैकी कोणत्या दोन रात्री ती बसणार आणि कोणत्या पाच रात्री नाही. दोनपेक्षा जास्त सांगायची लाज वाटली तर ती लाज बरोबर आहे. तिकीट देताय ते ठीक, पण मग त्याला भेट म्हणू नका, मजुरी म्हणा. खिडकीवाली केबिन तिला द्या. क्लबाच्या यादीत तिचं नाव लिहा आणि तो परवलीचा शब्द तिला सांगा.

गेल्या आठवड्यात ताईचा पुन्हा फोन आला. पुढच्या वर्षी परत जायचंय. धाकटा आता पाचचा झालाय, क्लबात बसेल, तुला काही म्हणजे काही करायचं नाही, नुसती मजा. मी विचारलं, माझ्या केबिनमध्ये कोण?

‘कोण म्हणजे? मुलंच ना.’