घरी केलेली प्ले-डो चिकटते, वाळते, बुरशी धरते: नेमकं काय चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी प्ले-डो (मुलांना आकार करून खेळायची मऊ कणीक) घरीच करता, पण ती कधी हाताला चिकटते, कधी दोन दिवसांत तिचे तुकडे पडतात, मध्ये बुरशीही आली. रंग भडक नकोत. आणि त्याच गोळ्यात मुलीच्या हाताचा ठसा घेऊन भाजता येईल का, हेही विचारलंय.

पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच, ते म्हणजे पाणी. पिठाने पाणी धरून ठेवलं नाही की गोळा चिकटतो. तेच पाणी हवेत उडून गेलं की गोळा कोरडा पडतो. आणि पाण्यात मीठ पुरेसं नसेल तर बुरशीला ते वापरता येतं. म्हणून खेळायच्या गोळ्यासाठी न शिजवता नुसतं पीठ, मीठ आणि पाणी मळायची कृती मी कुणालाच सुचवत नाही. कच्च्या पिठात पाणी सैल राहतं. शिजवल्यावर मात्र पिठातला स्टार्च फुगतो आणि पाणी स्वतःत अडकवून ठेवतो. शिवाय कच्च्या पिठात जिवाणू असू शकतात, आणि या वयाच्या मुलांचा हात सारखा तोंडात जातो. शिजवण्याला हेही एक कारण पुरेसं आहे.

प्रमाण वजनात सांगतो, कारण खरा घोळ कपाच्या मापातच होतो. मैदा १२५ ग्रॅम (एक कप), बारीक मीठ ८० ग्रॅम (साधारण साडेचार सपाट टेबलस्पून), पाणी २४० मिली, तेल १ टेबलस्पून आणि क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत वापरतात ती आंबट पांढरी पूड) २ टीस्पून. शिजून साधारण ४०० ग्रॅमचा गोळा होतो, तो एका मुलाला भरपूर. दोन मुलांसाठी दुप्पट करा, पण एका वेळी त्याहून जास्त नको. जड गोळा घरच्या भांड्यात नीट ढवळला जात नाही आणि आतून कच्चा राहतो.

बऱ्याच कृतींमध्ये याच मापाला अर्धा कप मीठ सांगितलेलं असतं. अर्धा कप बारीक मीठ म्हणजे जवळपास १४० ग्रॅम. पण १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅमच मीठ विरघळतं, म्हणजे २४० मिलीमध्ये ८६ ग्रॅमच्या आसपास. उरलेलं न विरघळता तसंच राहतं आणि बोटांना रवाळ लागतं. मुलांच्या हातावर बारीकसं खरचटलेलं असेल तर झोंबतंही. उलट मीठ निम्म्यावर आणलं तर गोळा मऊसूत होतो, पण आठवड्याभरात बुरशी धरू शकतो. ८० ग्रॅमला दोन्ही साधतं: सगळं विरघळतं आणि बुरशीला वापरता येईल असं पाणी फारसं उरत नाही. जाडं मीठ असेल तर आधी मिक्सरमधून काढा.

क्रीम ऑफ टार्टर मिळालं नाही तर १ टेबलस्पून लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर घ्या आणि पाणी तेवढंच कमी करा. हा आंबट घटक अजिबात वगळू नका. त्याने गोळा लवचिक होतो, दाबला तर कडांना फाटत नाही. तेल बिनवासाचं घ्या. खोबरेल तेल थंड हवेत, साधारण २४ अंशांच्या खाली, गोठतं आणि गोळा सकाळी दगडासारखा घट्ट मिळतो. कोंडा असलेलं पीठही चालतं, पण पोत खरखरीत होतो आणि फिकट रंग उठत नाहीत.

आता कृती. पाणी कोमट करा, त्यात मीठ पूर्ण विरघळू द्या, मग तेल घाला. मैदा आणि क्रीम ऑफ टार्टर वेगळ्या भांड्यात कोरडंच एकत्र करा. त्यात हे पाणी थोडं थोडं ओतत फेटा आणि गुठळ्या राहिल्या तर गाळून घ्या. गुठळ्या याच टप्प्याला मोडतात, आचेवर गेल्यावर मोडत नाहीत. जाड बुडाच्या किंवा नॉनस्टिक भांड्यात मध्यमपेक्षा कमी आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडत ढवळत राहा. आधी काहीच होत नाहीये असं वाटेल. मग अचानक तळाशी घट्ट पापुद्रे यायला लागतील आणि मिनिटभरात सगळं एकत्र येऊन कडा सोडेल.

बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात, आणि चिकटपणाची तक्रार इथूनच सुरू होते. मिठाच्या तीव्र पाण्यात स्टार्च फुगायला साध्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून गोळा एकत्र आल्यावरही तो दाबत, उलटत आणखी मिनिट-दीड मिनिट शिजवा. पृष्ठभागाची ओली चमक जाऊन तो मंद दिसायला हवा. एक तुकडा बाजूला काढा, थोडा निवू द्या आणि दोन बोटांत दाबा. बोटांना काही लागलं नाही तर झालं.

गोळा ओट्यावर काढा, हाताला सोसेल इतका निवला की चार-पाच मिनिटं चांगला मळा. हे मळणं टाळू नका, गरम गोळ्यातल्या बारीक गाठी त्यातच जिरतात. शेवटी गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागायला हवा. मळताना १ टीस्पून ग्लिसरीन घातलं तर हलकी चमक येते आणि गोळा उशिरा वाळतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ झाकणाखाली जमते, तिचे थेंब गोळ्यावर पडतात आणि त्या थेंबांत मीठ कमी असल्यामुळे बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. तुमच्याकडे बुरशी आली त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

बिघडलं तर दुरुस्ती अशी. चिकट गोळ्यावर कोरडं पीठ भुरभुरू नका. तेवढ्यापुरता तो सुटा होतो, पण कच्चं पीठ हळूहळू पाणी ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा ठिसूळ होतो. त्यापेक्षा तो परत भांड्यात घालून मंद आचेवर मिनिटभर परता. कोरड्या पडलेल्या गोळ्यावर पाणी ओतू नका, हात ओले करून पुन्हा पुन्हा मळा. कडा कडक झाल्या असतील तर तेवढा भाग काढून टाका, तो मळून एकजीव होत नाही. वाळलेल्या गोळ्यावर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ते मीठ वर आलेलं असतं. बुरशी केसाळ असते आणि तिला बहुधा हिरवट-काळपट छटा असते. ती दिसली तर सगळा गोळा टाकून द्या, वरचा भाग खरवडून उरलेला वापरू नका.

दमट हवेची गोष्ट वेगळी आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. म्हणजे उघडा राहिलेला गोळा अशा दिवसांत वाळत नाही, उलट पाझरतो. तेव्हा खेळून झालं की लगेच प्लास्टिकची पातळ फिल्म गोळ्याला चिकटवून गुंडाळा, हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये टाका. काढल्यावर अर्धा तास तसाच बंद राहू द्या, नाहीतर गार गोळ्यावर बाहेरची वाफ जमते. एरवी घरातल्या तापमानाला महिना-दीड महिना आरामात टिकतो. पत्र्याचे सुंदर डबे दिसायला छान, पण मिठाने गंजतात. धातूचे साचेही वापरून झाल्यावर लगेच धुऊन पुसावे लागतात. काच मुलांच्या हातात नको, म्हणून झाकण घट्ट बसणारे प्लास्टिक किंवा सिलिकोनचे डबे घ्या आणि त्यावर तारीख लिहा.

रंगांचं म्हणाल तर, बाजारातली प्ले-डो १९५६ साली खेळणं म्हणून आली तेव्हा ती एकाच पांढुरक्या रंगात मिळायची. त्याआधी तो पदार्थ भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायला वापरत. मुलांना मात्र ती तशीही आवडली. म्हणून एक गोळा बिनरंगाचाच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. पानांचे आणि लेसचे ठसे त्याच्यावर सगळ्यात स्पष्ट उठतात.

उरलेल्यांसाठी खाण्याचे जेल रंग घ्या. पातळ रंगाने छटा आणायला इतके थेंब लागतात की गोळा सैल होतो. भडकपणा मोडायची युक्ती सोपी आहे: रंगात त्याच्या विरुद्ध रंगाचा अगदी कणभर घालायचा. हिरव्यात काडीच्या टोकाएवढा लाल घातला की तो धूसर, वाळलेल्या पानासारखा होतो. नारिंगीत कणभर निळा गेला की विटेचा रंग येतो. निळ्यात थोडा नारिंगी घातला की राखाडी-निळा. १०० ग्रॅम गोळ्याला जेलचा वाटाण्याएवढा ठिपकाही जास्त होतो, त्याच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करा. रंग मळताना हातमोजे घाला. मळून झाल्यावर रंग हाताला लागतो का ते पांढऱ्या कागदावर दाबून पाहा. कागदावर उमटला तर सोफ्यावरही उमटेल.

नैसर्गिक रंग हवे असतील तर त्यांचा स्वभाव ओळखून वापरा. लाल कोबीचं पाणी जांभळं असतं, पण क्रीम ऑफ टार्टरच्या आंबटपणाने गोळा गुलाबी होतो. बीट शिजवलं की तपकिरी पडतं, म्हणून त्याची पूड गोळा निवल्यावर मळा. पालकाचा हिरवा आंबट आणि उष्णता मिळून ऑलिव्हकडे झुकतो, तुम्हाला हव्या असलेल्या सौम्य छटांमध्ये तो उलट शोभूनच दिसेल. हळद सुंदर उठते, पण कपडे आणि नखं रंगवते आणि उन्हात फिकी पडते.

चमकी घालू नका, ती डोळ्यांत जाते. खाऊसारखा वास येणारे अर्कही नकोत, वासामुळे गोळा तोंडात जातो. कारण मिठाचा हिशेब गंभीर आहे: या गोळ्याच्या १० ग्रॅमच्या गोळीत जवळपास २ ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चाटून पाहिलं तर काही होत नाही, बहुतेक मुलं तोंड वाकडं करून थांबतात. मूठभर खाल्लं तर मात्र डॉक्टरांना विचारा. घरात कुत्रा असेल तर डबा उंच ठेवा, मिठाच्या पिठाने कुत्र्यांना जिवावर बेतण्याइतकी विषबाधा होऊ शकते. मुलीबरोबर खेळणाऱ्या कुणाला गव्हाची ॲलर्जी असेल तर मैद्याऐवजी निम्मं तांदळाचं पीठ आणि निम्मं कॉर्नफ्लोर घ्या. तो गोळा कमी ताणला जातो आणि लवकर वाळतो, पण खेळता येतं.

बाहेर फिरायला जाताना बिनरंगी गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा डबीत घ्या. सपाट करून झाडाच्या सालीवर दाबायचा, पानाच्या मागच्या बाजूवर दाबायचा. शिरा वरच्या बाजूपेक्षा मागे जास्त उठावदार असतात. वाळूत मात्र काढू नका, वाळू आत गेली की निघत नाही. उन्हात उभ्या गाडीत डबी राहिली तर गोळा पाणी सोडतो. आणि बाहेरून आलेला तुकडा मूळ गोळ्यात परत मिसळू नका, माती आणि पानांबरोबर बुरशीही आत येते.

आता हाताचा ठसा. या गोळ्याचा तो घेऊ नका. यात पाणी आणि तेल जास्त असतं, वाळताना तो आक्रसतो आणि तडकतो. ठशाला न शिजवलेलं मिठाचं पीठ वेगळं मळावं लागतं: दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण ते एक कप पाणी, तेही थोडं थोडं. तेल नाही. दहा मिनिटं मळा, झाकून वीस मिनिटं ठेवा आणि बेकिंग पेपरवरच साधारण ८ मिमी जाडीला लाटा. उचलून ट्रेमध्ये ठेवायला गेलात तर ठसा ताणला जातो. आधी तळवा दाबा, मग तिची बोटं एकेक करून तुम्ही दाबा. मूल स्वतः दाबतं तेव्हा बोटांची टोकं खोल जातात आणि तळवा उमटतच नाही. टांगायचं असेल तर स्ट्रॉने भोक आत्ताच पाडा, काठापासून किमान १ सेंमी आत.

ओव्हन १०० अंशांवर ठेवा, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटा. घाईने १५० केलंत तर आतली वाफ फोड काढते आणि कडा तपकिरी होतात. झाल्यावर ओव्हन बंद करून आतच निवू द्या, एकदम बाहेर काढलं की तडा जातो. मग पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन हात द्या, मागे आणि कडांनाही. कडा राहिल्या तर तिथून ओलावा शिरतो आणि दमट दिवसांत ठसा मऊ पडून भोकापाशी तुटतो. हा ठसा भिंतीसाठी ठेवा, खेळायला देऊ नका.